विष तिथेच, हातात रसाचा पेला

माझ्यासमोर टेबलावर एक हिरवी बाटली आहे. एका स्नेह्याने आग्रहाने आणून दिलेली. दर्शनी बाजूला पान, पानावर दवाचा थेंब आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘यकृताचं रक्षण, शरीराची शुद्धी’. बाटली फिरवली की पाठीमागे, भिंग लागेल इतक्या बारीक टायपात, हे उत्पादन कोणत्याही रोगाचं निदान, उपचार किंवा प्रतिबंध करण्यासाठी नाही, असं छापलेलं. पुढून दिलेलं वचन पाठीमागून परत घेतलं आहे. स्नेह्याला ती ओळ दाखवली, तर तो म्हणाला, “अरे, तसं लिहावंच लागतं. पण झाडपाल्याचा रस आहे. झाला तर फायदाच, नुकसान तर नाही ना?”

त्या वेळी मी हसून बाटली ठेवून घेतली. उत्तर द्यायला बसलो तेव्हा कळलं की ते दोन वाक्यांत मावणारं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वनस्पतींच्या रसांत, चहात, अर्कांत औषधी काही नसतं असं मी म्हणणार नाही. ते खरंही नाही. पण विषारी द्रव्यांमुळे यकृताला होणाऱ्या इजेवर ‘संरक्षण’ म्हणून ही पेयं विकली जातात, सुचवली जातात, त्यांच्यावर विसंबलं जातं, तेव्हा गुपचूप एक अदलाबदल होते. विष कुठून येतंय हा सगळ्यांचा प्रश्न बाजूला पडतो आणि कोणता पेला प्यायचा हा एकट्याचा प्रश्न त्याच्या जागी येऊन बसतो. मला आक्षेप आहे तो या अदलाबदलीवर.

‘संशोधनाने सिद्ध’ हे शब्द बाटलीवर येतात कुठून, ते आधी पाहू. बहुतेक वेळा ते येतात उंदरांच्या पिंजऱ्यातून. हा प्रयोग जगभर इतक्यांदा झाला आहे की त्याचा आता साचाच बनला आहे. पांढरे उंदीर, सहा-सहाचे गट. एका गटाला नुसतं पाणी. दुसऱ्याला पाणी आणि शेवटी विष. तिसऱ्या आणि चौथ्या गटाला वनस्पतीचा अर्क, वजनाच्या दर किलोमागे २०० आणि ४०० मिलिग्रॅम, रोज, आठवडाभर, नळीने थेट जठरात. पाचव्या गटाला तुलनेसाठी सिलिमरिन, यकृतरक्षक म्हणून आधीच नावाजलेलं एक वनस्पतिजन्य द्रव्य. मग ठरलेल्या दिवशी विष; बहुधा कार्बन टेट्राक्लोराइड, तेलात मिसळून पोटात टोचलेलं. चोवीस तासांनी रक्त काढायचं, एसजीपीटी आणि एसजीओटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइमं, मोजायची, यकृताचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. नुसतं विष मिळालेल्या गटात मध्यशिरेभोवतीच्या पेशी मेलेल्या दिसतात, चरबीचे थेंब साचलेले दिसतात. अर्क मिळालेल्या गटात पेशी बऱ्यापैकी शाबूत, रक्तातले आकडेही उतरलेले. निष्कर्ष तयार: अमुक वनस्पती यकृतरक्षक आहे.

हा प्रयोग खोटा नसतो. त्यातून काय कळलं, एवढंच नीट विचारायला हवं. कार्बन टेट्राक्लोराइडचा खरा घातक अवतार यकृतातच तयार होतो. तिथलं सीवायपी२ई१ नावाचं एन्झाइम त्याचा एक क्लोरीन तोडतं आणि जो उतावीळ मुक्त मूलक, म्हणजे कशाशीही झटापट करायला टपलेला तुटका रेणू, उरतो तो पेशींच्या आवरणातल्या चरबीवर तुटून पडतो. त्या एन्झाइमला कुणी धिमं केलं किंवा तो मूलक कुणी वेळीच निकामी केला की पेशी वाचतात. असे मूलक निकामी करणारे अँटिऑक्सिडंट तर पानापानांत भरलेले असतात. म्हणूनच या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या वनस्पतींची यादी संपता संपत नाही. इतकी उदार परीक्षा असेल तर तिच्या गुणपत्रिकेचं कौतुक किती करायचं, हे ज्याने त्याने ठरवावं.

शिवाय उंदराला विषाची तारीख आधीपासून दिलेली असते. आठवडाभर यकृतात रस मुरवून ठेवायचा आणि आठव्या दिवशी विष टोचायचं, अशी सोय माणसाच्या आयुष्यात कुणी करून ठेवलेली नाही. आणि ते विष तरी कोणतं? कार्बन टेट्राक्लोराइड एके काळी कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगमध्ये आणि आग विझवण्याच्या नळकांड्यांत असायचं. ओझोनच्या थराला ते घातक ठरलं, १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्याचा असा उरलासुरला वापरही संपत गेला. ज्या विषाविरुद्ध सर्वांत जास्त ‘संरक्षण’ सिद्ध झालं आहे, ते आज सामान्य माणसाच्या वाट्याला जवळपास येतच नाही.

मात्रेचा हिशेबही करून बघण्यासारखा आहे. उंदराची ४०० मिलिग्रॅमची मात्रा माणसाला लावताना शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने साधारण सहाने भागतात. साठ किलोच्या माणसाला तरीही रोज चार ग्रॅमच्या आसपास सुका अर्क लागेल. पानं नव्हे, अर्क. पाणी उडवून, आटवून, भुकटी केलेला. पेल्याच्या तळाशी चमचाभर पान वाटून टाकलं की तेवढा होत नाही.

आणि तो तुलनेचा पाचवा गट? सिलिमरिन हे मिल्क थिसल नावाच्या काटेरी झाडाच्या बियांमधून काढतात. यकृतरक्षणाच्या प्रयोगांत ते मोजपट्टी म्हणून वापरतात: आमचा अर्क सिलिमरिनइतकाच गुणकारी निघाला, हे वाक्य शोधनिबंधांत ठरलेलं. पण या मोजपट्टीचीच माणसांत परीक्षा झाली तेव्हा काय निघालं? २०१२ साली हेपटायटिस सीच्या १५४ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. नेहमीपेक्षा जास्त मात्रेत, दिवसातून तीनदा, २४ आठवडे सिलिमरिन देऊनही एएलटी, म्हणजेच एसजीपीटी, उतरवण्यात ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. त्याआधी २००७ मध्ये, उपचारांच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याने दारूमुळे किंवा हेपटायटिस बी, सीमुळे झालेल्या यकृतविकारांवरच्या १८ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. त्यातल्या काटेकोर चाचण्यांत मृत्यू टळल्याचं दिसलं नाही. वर आणखी एक अडचण: सिलिमरिन पाण्यात नीट विरघळतच नाही. त्याच्या बियांचा चहा करून प्यायला तर मोजपट्टीचाही बराचसा भाग गाळणीतच राहायचा.

‘विष’ हा शब्द आपण एकवचनात वापरतो, तिथेही घोळ आहे. बाटलीवरची भाषा अशी की जणू यकृतात एकच काळा गाळ साचतो आणि रसाने तो धुऊन निघतो. प्रत्यक्षात प्रत्येक विषाची चाल निराळी. पॅरासिटामॉलचं बघा. नेहमीच्या मात्रेत ते बिनधोक उत्सर्जित होतं. थोडासा भाग एनएपीक्यूआय नावाच्या घातक रूपात जातो आणि पेशीतलं ग्लुटाथायोन त्याला तिथल्या तिथे बांधून टाकतं. मात्रा फार झाली की ग्लुटाथायोनचा साठा आटतो आणि मोकाट सुटलेलं एनएपीक्यूआय पेशीच्या प्रथिनांना चिकटतं. यावर उतारा आहे आणि तो चोख आहे: अॅसिटिलसिस्टीन. साठा पुन्हा भरून काढायचं काम ते करतं. आठ तासांच्या आत दिलं तर यकृत जवळपास नेमाने वाचतं. पुढे प्रत्येक तासागणिक खात्री कमी होत जाते. पण या पहिल्या तासांत माणसाला काही होतच नसतं. थोडी मळमळ, फार तर उलटी. घरात बसून ‘शुद्धी’चा रस पिण्यासाठी याहून सोयीची वेळ नाही आणि याहून धोक्याचीही नाही.

डेथ कॅप या विषारी अळंबीची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी. खाल्ल्यावर सहा ते बारा तास शांतता. मग उलट्या, जुलाब. मग पुन्हा उतार पडतो, दिवसभर माणसाला बरं वाटतं, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत कोसळतं. अळंबीतलं अमॅनिटिन आरएनए पॉलिमरेज २ या एन्झाइमला जखडून ठेवतं; पेशीला नवी प्रथिनं घडवताच येत नाहीत. इथे मुक्त मूलक निवडत बसणाऱ्या अँटिऑक्सिडंटने काय व्हायचं? मधल्या उताराच्या दिवशी कुणी काही पाजलं असेल तर त्या पेयाला मात्र श्रेय मिळून जातं. न्यायाने सांगायला हवं की याच विषबाधेत सिलिमरिनमधलाच सिलिबिनिन हा घटक डॉक्टर शिरेतून देतात, कारण अमॅनिटिन ज्या दाराने पेशीत शिरतं ते दार तो अडवतो. म्हणजे वनस्पतीतून औषध येतंच. पण ते येतं शुद्ध करून, मोजून, विद्राव्य क्षार बनवून, सुईने, रुग्णालयात. पेल्याशी त्याचं नातं आडनावापुरतं.

उताराच्या श्रेयाची हीच गंमत रोजच्या जगण्यातही चालते, फक्त कमी नाट्यमय. रक्ततपासणीत एसजीपीटी वाढलेलं निघतं. माणूस घाबरतो, दारू सोडतो, वेदनाशामक गोळ्या बंद करतो, रात्रीचं जेवण आटोक्यात आणतो आणि सोबत हिरवा रस सुरू करतो. दीड महिन्याने आकडा उतरतो. दारूमुळे यकृतात साचलेली चरबी पूर्ण संयम पाळला तर काही आठवड्यांत ओसरते. औषधाने झालेली इजा बहुतेकदा ते औषध थांबवलं की भरून येते. उरलेलं काम यकृत स्वतः करतं, कारण हा अवयवच मोठा जिद्दी आहे. १९३१ सालीच उंदरांत दाखवून झालं की दोनतृतीयांश यकृत कापून काढलं तरी उरलेला भाग वाढून काही दिवसांत जवळपास मूळ वजन गाठतो. एवढं सगळं घडून गेल्यावर मित्रमंडळींत सांगायला उरतो तो रस. सोडलेल्या दारूची गोष्ट कोण मिरवणार?

आता स्नेह्याच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग: नुकसान तर नाही ना?

आहे, आणि कधी कधी तेही यकृताचंच. जमैकात १९५४ च्या सुमारास डॉक्टरांनी वर्णन केलेला एक आजार होता. लहान मुलांची पोटं पाण्याने फुगायची, यकृतातल्या बारीक शिरा बुजायच्या. कारण निघालं झुडपांच्या पानांचा चहा. त्यातले पायरोलिझिडिन अल्कलॉइड वरवर सौम्य असतात, पण यकृताचीच एन्झाइमं त्यांना विषात बदलतात. याच गटातली द्रव्यं असलेल्या कॉम्फ्री या वनस्पतीच्या पोटात घ्यायच्या उत्पादनांना बाजारातून काढण्याची सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ मध्ये दिली. फ्रान्समध्ये वजन कमी करण्यासाठी घेतली जाणारी जर्मँडर ही वनस्पती १९९२ मध्ये बंद झाली, कारण हेपटायटिसच्या रुग्णांची रांग लागली. ग्रीन टी कपातून पिणं सर्वसाधारणपणे निर्धोक. पण तिचाच घट्ट अर्क गोळीतून घेतला तर २०१८ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सांगितलं की ईजीसीजी हा तिच्यातला घटक आहारपूरकांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेला तर यकृताच्या इजेच्या खुणा रक्तात दिसू लागतात. औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या जाळ्यात वनौषधी आणि पूरकांचा वाटा २००४ ते २०१३ या काळात ७ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेला. वनस्पती म्हणजे सौम्य, हे समीकरण वनस्पतींना कुणी सांगितलेलं नाही. किडे आणि गुरं दूर ठेवण्यासाठी त्यांनी ही रसायनं घडवली आहेत.

फळांच्या रसाचा मामला वेगळाच. त्यात विष नसतं, साखर असते. फळ चोथ्यासकट खाण्यात आणि चार फळं पिळून एका दमात पिण्यात फरक आहे. जागतिक आरोग्य संघटना रसातली साखर ‘मुक्त साखर’ म्हणूनच, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत, मोजते. तिच्यातल्या फ्रुक्टोजचा मोठा हिस्सा यकृतातच जिरतो आणि जास्त झाला की चरबी होऊन तिथेच बसतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत यकृतात चरबी साचलेल्या ४० किशोरवयीन मुलांपैकी निम्म्यांचा आहार आठ आठवडे मुक्त साखरेपासून जवळपास मोकळा ठेवला, तेव्हा त्यांच्या यकृतातली चरबी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली. यकृतासाठी म्हणून गोड रसाचा जग रिकामा करणाऱ्याने हा आकडा जवळ ठेवावा.

पण मला सगळ्यात जास्त डाचतो तो तिसरा धोका. यकृताची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला डॉक्टर विचारतात, “कोणती औषधं चालू आहेत?” तो रक्तदाबाची गोळी सांगतो, मधुमेहाची सांगतो. रस सांगत नाही. लपवतो म्हणून नव्हे. रस हे औषध आहे असं त्याच्या मनातच नसतं. तोच माणूस घरी मात्र तो रस औषध म्हणूनच घेत असतो. ग्रेपफ्रूटचा रस आतड्यातल्या एन्झाइमला रोखून काही औषधांची रक्तातली पातळी वाढवतो, हे १९९१ पासून ठाऊक आहे, आणि तेही योगायोगानेच उघडकीस आलं होतं: दारूचा परिणाम तपासताना चव झाकायला संशोधकांनी तो रस वापरला होता. पेयं निष्क्रिय असतील तर ती प्यायची कशाला? आणि सक्रिय असतील तर केसपेपरवर त्यांची नोंद नको?

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी वनस्पतींच्या पेयांवर खार खाऊन आहे. तसं असतं तर कॉफीचं नाव घ्यायचं टाळलं असतं. यकृताच्या बाजूने माणसांमधला सर्वांत भरघोस पुरावा कुठल्या पेयाचा असेल तर तो या साध्या कपाचा. ब्रिटनच्या बायोबँकेतल्या, म्हणजे लोकांच्या आरोग्याच्या नोंदी जपणाऱ्या भांडारातल्या, ४,९४,५८५ लोकांचा साधारण दहा वर्षं मागोवा घेणारा अभ्यास २०२१ मध्ये आला. कॉफी पिणाऱ्यांत जुनाट यकृतविकाराचं प्रमाण २१ टक्क्यांनी आणि त्यामुळे होणाऱ्या मृत्यूंचं ४९ टक्क्यांनी कमी निघालं. झटपट कॉफी असो वा कॅफीन काढलेली, कल तोच. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, कॉफी पिणारे आणि न पिणारे इतर बाबतींतही निराळे असू शकतात, शिवाय हे विषबाधेबद्दल नाही. तरी पाच लाख माणसं ही सहा उंदरांपेक्षा वजनदार साक्ष आहे. गंमत म्हणजे कॉफीच्या डब्यावर यकृताचं चित्र मी अजून पाहिलेलं नाही.

आणि मग चीनमधलं चिडोंग. या सगळ्या वादाचा निकाल मला त्या एका ठिकाणी दिसतो, म्हणून तिथे थोडा जास्त रेंगाळतो.

यांगत्झी नदीच्या मुखाशी असलेल्या या भागात यकृताच्या कर्करोगाने लोक ऐन उमेदीत मरत होते. कारणं दोन: हेपटायटिस बी आणि मक्यावरच्या बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन. हे विष किती जहाल, ते केनियाने २००४ मध्ये पाहिलं. बुरशी लागलेल्या मक्याने ३१७ जण आजारी पडले आणि १२५ दगावले. चिडोंगमध्ये मात्र ते थोडं थोडं, वर्षानुवर्षं पोटात जात होतं. विषापासून यकृत वाचवणारं पेय शोधायचं तर याहून योग्य जागा नव्हती, आणि शास्त्रज्ञांनी ते काम मनापासून केलं. क्लोरोफिलपासून बनवलेल्या क्लोरोफिलिनच्या गोळ्या १८० लोकांवर चार महिने तपासल्या. अफ्लाटॉक्सिनने डीएनएला केलेल्या इजेची लघवीतली खूण ५५ टक्क्यांनी कमी झाली. निकाल २००१ मध्ये आला. पुढे ब्रोकोलीच्या कोवळ्या मोडांचं गरम पाण्यातलं पेय २०० जणांना दोन आठवडे दिलं. २००५ चा हा निकाल जास्त शिकवणारा आहे. पेय घेणारा गट आणि न घेणारा गट यांच्यात सरासरीने फरक पडला नाही. ज्यांच्या शरीरात पेयातलं उपयोगी द्रव्य जास्त तयार झालं त्यांच्यात इजेची खूण कमी दिसली खरी, पण ते द्रव्य कुणाच्या अंगात एक टक्का उतरलं, तर कुणाच्या ४५ टक्के. ज्याच्या त्याच्या आतड्यातल्या जिवाणूंवर सगळं अवलंबून. एकाच किटलीतून ओतलेला, तंतोतंत मोजलेला पेला. आणि दोन माणसांत पंचेचाळीस पटींचा फरक. बाटलीवर ‘रोज ३० मिलि’ छापणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

मग चिडोंगमधले तरुण वाचले कशाने? कारण ते वाचले. तिथल्या कर्करोग नोंदणीत दिसतं की १९६० च्या दशकात जन्मलेल्यांपेक्षा १९८० च्या दशकात जन्मलेल्यांमध्ये पस्तिशीच्या आतले यकृत कर्करोगाचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. ही मंडळी नवजात बाळांना सरसकट हेपटायटिस बीची लस मिळू लागण्याआधीची, म्हणजे श्रेय लशीचं नव्हे. घडलं ते इतकंच की सरकारच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात लोकांच्या ताटातला मका जाऊन तांदूळ आला. तांदळात अफ्लाटॉक्सिन फार कमी. १९८९ मध्ये लोकांच्या रक्तात अफ्लाटॉक्सिनची खूण ठळक होती. २००९ पर्यंत निम्म्याहून जास्त नमुन्यांत ती यंत्रालाही पकडता येईना. या एका बदलाने टळलेल्या मृत्यूंचा अंदाज संशोधकांनी ६५ टक्के असा बांधला, आणि त्यातला मोठा वाटा हेपटायटिस बीची लागण आधीच झालेल्यांचा. कुणी काही प्यायलं नाही. कुणाला ‘यकृताची काळजी घ्या’ असं बजावावंही लागलं नाही. धान्य बदललं.

कारखान्यांचा इतिहासही हेच सांगतो, जरा जास्त रोखठोकपणे. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिल इथे एकाच प्लास्टिक कारखान्यातल्या कामगारांना यकृताचा अँजिओसार्कोमा झाल्याचं उघड झालं. हा कर्करोग इतका दुर्मिळ की डॉक्टरच्या उभ्या कारकिर्दीत एखादा दिसावा. दोषी होता व्हिनाइल क्लोराइडचा वायू. त्याची कामाच्या जागेतली मर्यादा तोवर दहा लाखांत ५०० भाग होती. वर्ष-दीड वर्षात ती १ भागावर आणली गेली. उद्योग बुडेल अशी ओरड झाली. उद्योग बुडाला नाही. टाक्या आणि नळ्या बंदिस्त झाल्या. याच्या उलट टोकाला दुसरी परंपरा आहे. रशियाच्या श्रम संहितेचं २२२ वं कलम आजही घातक कामावरच्या कामगाराला कामाच्या दर पाळीमागे अर्धा लिटर दूध देववतं, आणि शिशाशी संबंध येणाऱ्यांना वर पेक्टिन हा फळांतला चिकट घटक असलेले पदार्थ किंवा रस. यामागचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. पण पंखा बसवण्याऐवजी पेला हातात देणं नेहमीच सोपं आणि स्वस्त असतं, हे कुठल्याही व्यवस्थेला चटकन समजतं. आणि पेला घेऊनही कामगार आजारी पडला तर? नेमाने प्यायला नसेल, असं म्हणता येतं.

या शेवटच्या वाक्यामुळेच मला हा विषय आहारसल्ल्याचा वाटत नाही. कीटकनाशकं फवारणाऱ्याला, रंगाच्या वाफेत काम करणाऱ्याला, बुरशी लागलेलं धान्य नाइलाजाने खाणाऱ्याला आपण ‘यकृतरक्षक’ पेय सुचवतो, तेव्हा त्याच्या आजाराची जबाबदारी हळूच त्याच्याच अंगावर ढकलतो. विष बनवणारा, पसरवणारा, न मोजणारा आणि मोजूनही गप्प बसणारा, हे चारही जण चित्रातून बाहेर पडतात.

मग बाटल्यांवर बंदी घालायची का? मी बंदीच्या बाजूचा नाही. चव आवडते म्हणून कुणी प्यायला माझी ना नाही. मागणी आहे ती दाव्यापुरती. अमेरिकेत १९९४ च्या पूरकविषयक कायद्याने एक चोरवाट उघडली: रोगाचं नाव न घेता ‘यकृताच्या आरोग्याला साहाय्य’ असं म्हणायचं, खाली मान्यता नसल्याची ओळ टाकायची आणि माल विकायचा. ही भाषा मग सगळीकडच्या लेबलांवर पसरली. माझं म्हणणं असं की यकृताचं नाव घ्यायचं तर माणसांवरची चाचणी दाखवा, ती कोणत्या विषाविरुद्ध झाली ते लिहा आणि पेयातल्या सक्रिय द्रव्याचं प्रमाण छापा. उंदरांवरचा प्रयोग असेल तर उंदीर हा शब्द पुढच्या बाजूला, पानाच्या चित्राशेजारी, त्याच टायपात येऊ द्या. आणि सार्वजनिक पैसा खर्चायचा तर आधी धान्य सुकवण्याच्या, साठवण्याच्या आणि तपासण्याच्या सोयींवर, हवा मोजण्यावर, विषबाधा केंद्रांच्या चोवीस तास चालणाऱ्या फोनवर. एकेकाळी उंदरांना रस पाजून कार्बन टेट्राक्लोराइड टोचणं हा औषधशोधातला पहिला टप्पा होता. पुढचा टप्पा गाठणारे फार थोडे. बाकीचे पहिल्याच पायरीवर बसून पुढची वनस्पती आणतात. त्या उंदरांचीही मला कधी कधी दया येते.

बाटली अजून टेबलावर आहे. स्नेह्याला मी चिडोंगची गोष्ट सांगितली, तेव्हा त्याने विचारलं, “मग त्या ब्रोकोलीच्या पेयाचं पुढे काय झालं?” झालं असं की ते पुन्हा तपासलं गेलं, त्याच चिडोंगमध्ये, २०११ च्या अखेरीस. अननस आणि लिंबाचा रस घालून चव सुसह्य केली, २९१ लोकांना बारा आठवडे दिलं. फक्त या वेळी अफ्लाटॉक्सिनविरुद्ध नाही. ते तपासायला पुरेसं रक्तात उरलंच नव्हतं. म्हणून संशोधकांनी हवेतलं प्रदूषण निवडलं. पेय घेणाऱ्यांच्या लघवीतून बेंझीन या घातक रसायनाचं निकामी केलेलं रूप ६१ टक्के जास्त बाहेर पडलं, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत. निकाल खरोखर चांगला होता. तो ऐकून स्नेही खूश झाला, मग जरा थांबून म्हणाला, “म्हणजे बेंझीन हवेत होतंच.”